महाबळेश्वरात आपली ओळख आहे

सांगलीत आम्ही ज्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो, ते काका लाइट गेली की आधी चष्मा शोधायचे आणि मग वीज मंडळात फोन लावायचे. "मी बोलतोय," एवढंच म्हणायचे. नाव सांगणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. पलीकडून बहुधा 'मी म्हणजे कोण' असा प्रश्न येत असावा, कारण काकांचा चेहरा जरासा दुखावल्यासारखा व्हायचा. फोन ठेवून ते म्हणायचे, "नवीन असेल तो." मग केव्हातरी लाइट यायची. अख्ख्या गल्लीत यायची, पलीकडच्या गल्लीतही यायची, आणि काका फाटकापाशी जाऊन उभे राहायचे. जाता-येता कुणी म्हणालं, "आली बाबा एकदाची," की काका हात थोडा वर करायचे. म्हणजे, असू दे, त्यात काय एवढं.

काकांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती. एक ओळखीची, दुसरी नवीन असल्यामुळं अजून ओळख न झालेली. काका कोण हे ज्यांना माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही, असा तिसरा प्रकार असू शकतो हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

आम्ही घर बघायला आलो तेव्हा त्यांनी खोल्या नंतर दाखवल्या. आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग माझं माहेर. सातारा म्हटल्यावर साताऱ्यात कुठं, मूळचे तिथलेच की बाहेरून आलेले, मामा कुठले, आत्या कुठं दिली, असं विचारत विचारत ते पुढं पुढं सरकत होते. माझा नवरा आत कुठं ओल आलीय का हे बघायला आतुर झाला होता. शेवटी माझ्या आत्याच्या नणंदेचं सासर आणि काकूंचं आजोळ एकाच गावातलं निघालं, तेव्हा काका खुर्चीत मागं टेकले. "मग आपण घरचेच," ते म्हणाले. घरचेच झाल्यामुळं पुढं नळ गळतो, खिडकी लागत नाही, हे बोलायची आम्हालाच चोरी झाली.

ओळखीचा फायदा आम्हालाही मिळावा असं त्यांना मनापासून वाटायचं. एकदा माझ्या नवऱ्याला ताप आला. आम्ही दवाखान्यात नंबर लावायला निघालो तर काका जिन्यातच आडवे आले. नंबर लावून बसणं हे त्यांच्या दृष्टीनं जगात ज्यांचं कोणी नाही अशांचं काम. त्यांनी आम्हाला दवाखान्याच्या मागच्या दारानं आत नेलं, औषधांच्या खोक्यांच्या खोलीत बसवलं आणि म्हणाले, "आता काळजी करू नका. डॉक्टर आपले आहेत." आम्ही बसलो. समोरच्या दारानं नंबर लावलेली माणसं आत जात होती, बाहेर येत होती, औषधं घेऊन घरी जात होती. डॉक्टरांना आम्ही खोक्यांच्या खोलीत आहोत याचा पत्ताच नव्हता. दवाखाना बंद करताना कंपाउंडर दिवा घालवायला आला आणि आम्हाला बघून दचकला. काका म्हणाले, "नवीन दिसतोय हा."

मला हेल्मेट नसताना पोलिसानं अडवलं तेव्हा मी त्यांचं नाव सांगून बघितलं. त्यांनीच सांगून ठेवलं होतं, "कुठं अडलं तर माझं नाव सांगायचं." पोलिसानं ते नाव शांतपणे ऐकून घेतलं, मला दोनदा म्हणायला लावलं आणि विचारलं, "हे गाडीचे मालक का?" दंड भरून घरी आले. तो पोलीस नवीन असल्याचं मला काकांकडून कळलं.

काकू या सगळ्यात कधी बोलायच्या नाहीत. त्या चहा विचारायच्या आणि चहा द्यायच्या. त्यांना शुगर होती. जेवायला उशीर झाला की हात थरथरायचे, म्हणून पर्समध्ये बिस्किटांचा पुडा असायचा. एकदा मी त्यांना विचारलं की काकांची इतकी ओळख कशी काय. त्या कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "होती. खरंच होती. खोटं नाही ते."

काका एका साखर कारखान्याच्या शेती खात्यात होते. ऊस तयार झाला की तो तोडायला कारखान्याची टोळी यावी लागते, आणि कुणाच्या रानात टोळी आधी पाठवायची, कुणाच्या मागून, हे ठरायचं ते काकांच्या टेबलावर. हंगामात ते बाजारात गेले तर भाजीवाला स्वतः पिशवी घेऊन घरापर्यंत यायचा. लग्नाच्या मांडवात त्यांना शोधून पुढं नेऊन बसवायचे. लोक त्यांच्याकडं बघून हसायचे, वाकायचे, रस्ता ओलांडून भेटायला यायचे. याला काका ओळख म्हणत. मग ते निवृत्त झाले. टेबलावर दुसरा माणूस आला आणि सांगलीत नवीन माणसं फार वाढली.

महाबळेश्वरला जायचं आमचं दिवाळीच्या सुट्टीत ठरलं. माझा नवरा हॉटेलं बघत होता तेवढ्यात काका वर आले. "महाबळेश्वरात आपली ओळख आहे," ते म्हणाले, "तुम्ही काही करू नका. आम्ही पण येतो." त्यांच्या मागं जिन्यात काकू उभ्या होत्या. त्यांनी मला हळूच सांगितलं की लग्न झाल्यावर त्या एकदा महाबळेश्वरला गेल्या होत्या, पण तेव्हा सगळीकडं धुकं होतं, काहीच दिसलं नव्हतं. एवढं ऐकल्यावर नाही म्हणणं शक्य नव्हतं.

आमच्या गाडीतून निघालो. आम्ही दोघं, आमची पहिलीतली मुलगी, काका आणि काकू. कराडला चहाला थांबलो, साताऱ्याला माहेरी डोकावलो, आणि मेढ्याच्या बाजूनं घाट चढलो. वाटेत माझ्या नवऱ्यानं चहाच्या टपरीमागं जाऊन गुपचूप मोबाइलवरून, काकांनी सांगितलेल्या हॉटेलातच, दोन खोल्या काकांच्या नावानं बुक केल्या. वर पोचल्यावर काका रुबाबात काउंटरपाशी गेले. या वेळी त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "हो सर, तुमच्या रूम्स रेडी आहेत." काकांनी मागं वळून आमच्याकडं असं पाहिलं की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. काकूंनी मात्र काकांकडं पाहिलं नाही. त्यांनी माझ्या नवऱ्याकडं पाहिलं, आणि पर्समधलं एक बिस्कीट काढून त्याला दिलं.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळची. दिवसभर आम्ही पॉइंट बघितले. या वेळी धुकं नव्हतं, फक्त माणसं होती, आणि दरीकडं बघायचं तर त्यांच्या मोबाइलच्या वरून बघावं लागत होतं. काकू तरी खूश होत्या. जेवायला काकांनी एक मोठं रेस्टॉरंट निवडलं, कारण त्याच्या मालकाशी ओळख होती. बाहेर काचेच्या मंडपात बाकांवर माणसं नंबर लावून बसली होती. दाराशी टॅबलेट घेऊन एक मुलगी उभी होती. काका रांगेशेजारून सरळ तिच्यापर्यंत गेले.

"मालकांना सांगा, सांगलीहून आलेत म्हणून."

"ओनर दुबईला असतात सर. किती जण आहात? वेटिंग आहे."

"मग मॅनेजरना बोलवा."

मॅनेजर आला. तो कुठला तरी उत्तरेकडचा होता. त्यानं अदबीनं मान लववून सांगितलं, "सर, थोडा वेट करना पड़ेगा." आणि गेला. काका परत येऊन आमच्याजवळ उभे राहिले. काही बोलायच्या आधीच आमची मुलगी म्हणाली, "नवीन आहे ना तो?" आम्ही दोघं दुसरीकडं बघायला लागलो.

आठ वाजून गेले होते. बाहेर थंडी वाढत होती. काकूंनी दोन बिस्किटं खाल्ली, तरी त्यांची बोटं शालीच्या काठाशी थरथरत होती. काका दाराकडं जायचे, कुणी वेटर दिसला की त्याला काहीतरी सांगायचे आणि परत यायचे. "होतंय," म्हणायचे. आमच्यानंतर आलेलं एक कुटुंब नाव पुकारल्यावर आत गेलं. काकांनी टॅबलेटवर नाव लिहूच दिलं नव्हतं हे मला तेव्हा कळलं.

एवढ्यात आतून एक माणूस मोबाइलवर बोलत बाहेर आला. पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, अंगात कोरा स्वेटर. स्वेटरच्या मानेपाशी दुकानाची चिठ्ठी अजून लटकत होती. त्याचं बोलणं संपलं आणि त्याची नजर काकांवर पडली. तो जवळ आला.

"राम राम, सायेब."

काका एकदम उंच झाल्यासारखे दिसले. त्यांनी आधी आमच्याकडं बघून घेतलं, मग त्या माणसाकडं. "अरे वा. कसं काय इकडं?" ज्याचं नाव आठवत नाही अशा प्रत्येकाला काका हेच विचारायचे.

"वळखलंसा का?"

"म्हणजे काय. न ओळखायला काय झालं? बरं आहे ना घरी सगळं? ऊस काय म्हणतोय?"

"ऊस बरा हाय." तो माणूस हसला. "तुमी न्हाई वळखलं सायेब. ऱ्हाऊ द्या. मी वळखलं. पोरगं मिल्ट्रीतनं सुट्टीवर आलंय. त्यानं मोबाइलवरनं टेबल धरलं आन् आणलं आमास्नी. तुमी हितं कसं उभं?"

"नाही, ओळख आहे इथं आपली. मॅनेजर जरा..."

"व्हय, व्हय." त्यानं काकूंकडं पाहिलं, त्यांच्या हाताकडं पाहिलं. "वैनी, चला आत. आमचं टेबल लय मोठं हाय. ताई, पावणं, लेकराला घ्या, चला."

आम्ही निघालो. काकाही निघाले, तसा त्या माणसानं त्यांच्यापुढं हात धरला. ढकललं नाही, अडवलंही नाही म्हणता येणार. बसमधून उतरताना दुसऱ्याला जरा थांबा म्हणतात तसा.

"सायेब, तुमी बसा हितंच. तुमचा प्रोग्राम लागलाय. नंबर आला की निरोप धाडतो."

मला वाटलं थट्टा करतोय, आता दोघं हसतील. पण काकांच्या तोंडावरचं हसू तिथंच थांबलं. बाकावर एका कुटुंबानं थोडी जागा करून दिली, तिथं ते बसले. मी काकूंकडं पाहिलं. मला वाटलं, त्या आता म्हणतील, मग मीही नाही येत. काकू म्हणाल्या, "मला भूक लागलीय," आणि त्या माणसाच्या मागोमाग आत गेल्या.

आत त्यांच्या टेबलावर त्याची बायको, मुलगा, सून, दोन नातवंडं आणि बहीण होती. मुलगा पटकन उभा राहिला आणि त्यानं वेटरकडून खुर्च्या मागवल्या. मेनूचं पुस्तक नव्हतं. टेबलावर काळ्या ठिपक्यांची एक चौकट चिकटवलेली होती, ती मोबाइलनं टिपायची. स्ट्रॉबेरीचा हंगाम अजून सुरू व्हायचा होता, पण मेनूत प्रत्येक ठिकाणी स्ट्रॉबेरी होती, अगदी पनीर टिक्क्यातसुद्धा. ज्वारीची भाकरी 'हेरिटेज ब्रेड' या नावाखाली होती, आणि गावाकडची थाळी आणणाऱ्या वेटरला बिचाऱ्याला फेटा बांधलेला होता. त्या माणसाची बायको म्हणाली, "ह्ये आमी घरी रोज खातो. लेकरांस्नी नूडल मागीव."

काकूंसाठी सूप आलं. त्यांनी चार घोट घेतले, वाटी खाली ठेवली आणि त्या माणसाकडं बघून म्हणाल्या, "तुम्ही पायरीवर बसायचात."

तो माणूस चमकला.

"आमच्या घराच्या. कारखान्याच्या कॉलनीत होतो तेव्हा," काकू म्हणाल्या. "आत या म्हटलं तरी यायचा नाहीत. पायाला चिखल आहे म्हणायचात. चहा फुंकून प्यायचात."

"तुमास्नी ध्यानात हाय?" तो हळू आवाजात म्हणाला. त्याची बायको घास हातात घेऊन त्याच्याकडं बघत राहिली.

"तुम्ही विचारायचात, साहेब आहेत का. मी म्हणायची, नाहीत." काकू जरा थांबल्या. "ते आत असायचे."

"म्हाईत हुतं, वैनी. चप्पल दिसायची की दारात."

मुलानं वडिलांकडं पाहिलं. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं हे दिसतच होतं. मग तो माणूस सांगायला लागला, पण तक्रार केल्यासारखं नाही, पावसापाण्याचं बोलावं तसं. त्या वर्षी त्याचा ऊस वेळेवर तयार झाला होता. काकांच्या ऑफिसात गेलं की काका म्हणायचे, प्रोग्राम लागलाय, नंबर आला की टोळी येईल, घरी जा. तो घरी जायचा, परत यायचा. शेजारच्याचा ऊस कारखान्याला गेला, त्याच्या पलीकडच्याचा गेला, मागून लावलेल्यांचा गेला. याच्या उसाला तुरे आले, आतून पोकळ झाला, आणि ऊन तापल्यावर एकदाची टोळी आली.

"त्येंची वळख हुती," तो म्हणाला. "माझी आन् सायबांची रोज गाठ पडायची. वळख तेवढी झाली न्हाई."

काकूंच्या पुढ्यात पोळी आली होती. त्यांनी तिचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. आमची मुलगी म्हणाली, "काका आजोबा का नाही आले?"

"येत्यात की, बाळ," तो म्हणाला. "लाइन हाय भाईर."

मला राहवेना. मी उठून बाहेर गेले. कल्पना अशी होती की काका एकटे, मान खाली घालून बसले असतील आणि मला काहीतरी समजुतीचं बोलावं लागेल. काका बाकावर मध्यभागी बसले होते. दोन्ही बाजूंची माणसं त्यांच्याकडं वळून ऐकत होती. पुण्याकडच्या एका गृहस्थांना ते सांगत होते, "आत आमचे एक जुने स्नेही आहेत. मोठे बागायतदार. त्यांनी टेबल ठेवलंय आपल्यासाठी. मीच म्हटलं, आधी बायकामुलांना बसवू. त्यांचा सगळा ऊस मीच बघायचो एके काळी."

"व्हय," माझ्या मागून आवाज आला. तो माणूस माझ्या पाठोपाठ बाहेर आला होता. "सायबांनी माझा ऊस लय बघितला. निसता बघतच ऱ्हायलं."

पुण्याचे गृहस्थ कौतुकानं हसले. त्यांना ती स्तुतीच वाटली. काका उठून उभे राहिले. मला वाटलं आता ते काहीतरी जुळवतील, कुणी तरी नवीन माणूस काढतील. त्यांनी ओठ हलवले. मग त्या माणसाच्या तोंडाकडं नीट बघितलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, जणू एखादं पुसट नाव वाचत आहेत.

"मी ओळखलं नाही तुम्हाला," ते म्हणाले. "खरंच नाही ओळखलं. आठवतच नाही."

एवढ्या वर्षांत काकांच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं याचा त्या माणसाला राग येईल. ज्यानं आपलं वर्ष वाया घालवलं त्याला आपला चेहराही आठवू नये, यापेक्षा वाईट काय असतं? त्याचा चेहरा कसनुसा झाला खरा. त्यानं स्वेटरची बाही ओढली.

"आमी लय जण हुतो, सायेब," तो म्हणाला. "कुणाकुणाला ध्यानात ठेवायचं? चला, निवतंय जेवण."

ते जेवण मला अजून आठवतं ते काकांच्या गप्प बसण्यामुळं. एरवी हॉटेलात ते सगळ्यांसाठी मागवायचे, वेटरला गाव विचारायचे, स्वयंपाक्याला निरोप पाठवायचे. त्या दिवशी पुढ्यात आलं ते खाल्लं. शेजारी त्या माणसाची बायको बसली होती. तिनं पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीचा डबा काढला. बाहेरचे पदार्थ चालत नाहीत म्हणून फेटेवाला वेटर सांगायला आला, तर तिनं त्याच्याच हातावर चमचाभर चटणी ठेवली. त्यानं ती खाल्ली आणि पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही. मग तिनं काकांच्या ताटात चटणी वाढली. काकांनी ती बोटानं ताटाच्या कडेला नीट सारली आणि शेवटपर्यंत पुरवून खाल्ली.

मुलानं एकदा विषय काढला. "साहेब, म्हणजे तुम्हीच तेव्हा..."

"जेवताना नगं," वडील म्हणाले, आणि त्याच्यापुढं मंचुरियन सरकवलं.

पुढं काकांनीच विचारलं, "या वर्षी ऊस आहे?"

"हाय की. त्याच रानात."

"तोड कधी?"

"बगू. येईल तवा येईल."

"मी सांगून..." काका म्हणाले आणि थांबले. काकूंनी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

सांगलीला परतल्यावर मला वाटलं होतं काका बदलतील. तसं काही झालं नाही. आठवडाभरात ते फाटकापाशी कुणाला तरी सांगताना ऐकू आले, "महाबळेश्वरला जाताय? तिथं आपले एक जवळचे आहेत. एवढ्या गर्दीत टेबल मिळालं आम्हाला." मी वरून ऐकत होते, माझा नवरा हसला. काकू खाली भाजी निवडत होत्या. त्या हसल्या नाहीत, पण आतही गेल्या नाहीत.

हंगाम जोरात सुरू झाला तेव्हा मात्र खालून निराळेच आवाज यायला लागले. काका सकाळी व्हरांड्यात बसून फोन लावायचे. मांडीवर चिठ्ठी असायची; महाबळेश्वरला निघताना त्या माणसाशी नंबर दिले-घेतले, तेव्हा त्याचं नाव-गाव तिच्यावर लिहून घेतलं होतं. आता 'मी बोलतोय' एवढ्यावर भागत नव्हतं. ते पूर्ण नाव सांगायचे, वडिलांच्या नावासकट. मग खातं. मग कुठल्या साहेबांच्या हाताखाली होतो ते. मग पुन्हा नाव. "हो, निवृत्त झालो. नाही, माझं काही काम नाही. एका शेतकऱ्याचं आहे. त्यांचा ऊस..." पलीकडून फोन ठेवला जायचा. काका चष्मा काढून पुसायचे आणि दुसरा नंबर लावायचे. नोकरीत असताना लोकांनी त्यांच्याकडं अशी किती बोलणी केली असतील, हे तेव्हा त्यांच्या मनात येत होतं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

एक दिवस इस्त्रीचा शर्ट घालून ते स्वतः कारखान्यावर गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा मी काकूंकडं विरजण मागायला खाली गेले होते. काका बूट न काढताच पायरीवर बसले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"बसवून ठेवलं."

"आत घेतलं नाही?"

"मीटिंग चालू होती म्हणे." काकांनी बुटाची नाडी सोडली. "आतून हसण्याचे आवाज येत होते."

"चहा तरी विचारला का कुणी?"

काकांनी मान हलवली. काकू माझं विरजण विसरून आत गेल्या आणि चहा टाकला. त्यांनी कप काकांच्या हातात दिला आणि शेजारी बसल्या. मी तशीच वर आले.

त्या माणसाचा ऊस कारखान्याला गेला. तो त्याच्या पाळीनं गेला, काकांच्या खटपटीचा त्यात काही संबंध नव्हता. हे आम्हाला कळलं ते त्याचा फोन आला म्हणून. काकांना अलीकडं फोनवर कमी ऐकू येत असल्यामुळं फोन स्पीकरवर होता आणि आम्ही सगळे व्हरांड्यातच होतो.

"सायेब, तोड आली. ऊस गेला माझा," तो म्हणाला. "तुमी लय खटपट केलीसा असं कळलं. तुमच्यामुळं झालं."

मी काकांकडं बघत होते. त्यांनी फोन तोंडाजवळ धरला, मग जरा लांब धरला.

"नाही हो," ते म्हणाले. "माझ्यामुळं नाही झालं. मला तिथं कुणी आत पण घेतलं नाही."

पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला. "तोडीची चिठ्ठी आणतो त्या चिटबॉयनं सांगितलं. तुमी भाईर बाकावर बसला हुता म्हणून. त्यासाठनं न्हाई फोन केला. वैनींस्नी घिऊन या जेवायला."

"कधी येऊ?" काकांनी विचारलं, एखाद्या ऑफिसात वेळ मागावी तसं.

"कवाबी या की. आपलंच घर हाय."

फोन बंद झाला. काका तो हातात धरून बसले. "कधीही या म्हणतोय," ते काकूंना म्हणाले. पण काकू तिथं नव्हत्या. आत कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि मग त्यांची हाक, ही साडी बरी दिसेल का ती, म्हणून मला.